दिवा लागला म्हणजे बॅटरी गेली?

मंडळी, हायब्रिड गाडीत धोक्याचा दिवा लागला की हल्ली गॅरेजात एकच निकाल ऐकू येतो, "काका, बॅटरी गेली. अख्खा पॅक बदला." तपासणी शून्य, निकाल तयार! आम्ही मास्तरांनी पेपर न उघडता कधी कोणाला नापास केलं नाही.

२०१० साली भारतात आलेली टोयोटा प्रियस घ्या. तिच्या पॅकमध्ये ७.२ व्होल्टचे २८ संच एकापुढे एक जोडलेले, मिळून २०१.६ व्होल्ट. त्यातला एक ढेपाळला तरी दिवा लागतो. म्हणजे दिवा ही तक्रार झाली, निदान नव्हे.

आधी बघायची ती १२ व्होल्टची साधी बॅटरी. ती उतरली तर मोठा पॅक ठणठणीत असूनही गाडी सुरू होत नाही. मग मागच्या सीटजवळची हवेची जाळी. आपल्या खामगाव-मेहकरकडची उन्हाळी धूळ तिथे बसली की पंखा हवा ओढू शकत नाही, पॅक तापतो. शेवटी स्कॅनर लावून, गाडीवर जोर देऊन, प्रत्येक गटाचा व्होल्टेज बघायचा. एकच गट खाली येतो की सगळेच, हे आकड्यांत दिसलं पाहिजे. सगळेच थकले असतील तर खुशाल बदला.

पॅक स्वतः मात्र उघडू नका, दोनशे व्होल्ट जीव घेतात. पण आकडे लिहून मागायला कसली भीती? रक्ताच्या रिपोर्टाशिवाय आपण ऑपरेशनला हो म्हणतो का?

मेकॅनिक चिडला तर चिडू द्या. पैसे आपले आहेत. पटतंय का?