पाचव्या पट्टीचं काय झालं?

'नॅचरल फायबर कॉम्पोझिट' हा मेकॅनिकलच्या फायनल इयरचा आता कुळाचारच झाला आहे. घायपात, काथ्या, अंबाडी नाहीतर केळीचा धागा आणायचा, त्यातला निम्मा कॉस्टिक सोड्यात बुडवायचा, इपॉक्सी ओतून शीट बनवायची, पाच पट्ट्या कापायच्या आणि यूटीएमवर ताणून तोडायच्या. चार आकडे जवळपास येतात, पाचवा भलताच कमी. मग तो 'नमुना सदोष' म्हणून गुपचूप वगळायचा आणि ब्लॅक बुकात लिहायचं, 'सोड्याच्या प्रक्रियेमुळे धागा व रेझिन यांची पकड सुधारली.' व्हायव्हा संपला, पार्टी झाली!

पकड सुधारली हे पाहिलं कुणी? यूटीएम फक्त किती भाराला तुटलं ते सांगतं. आत काय होतं ते त्याला माहीत नाही. माझ्या मते खरा प्रोजेक्ट त्या वगळलेल्या पाचव्या पट्टीत होता.

आत बघायचं साधन आहे. हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनरने १९७१ साली लंडनमध्ये कवटी न उघडता रुग्णाचा मेंदू दाखवला. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे मायक्रो-सीटी. दवाखान्यात पेशंट पडून राहतो आणि नळी फिरते. इथे बहुतेक वेळा नळी जागेवर आणि नमुनाच स्वतःभोवती हळूहळू फिरतो. शेकडो एक्स-रे निघतात आणि कॉम्प्युटर त्यांतून घनचित्र उभं करतो. डिटेक्टरवर आडवे २००० पिक्सेल असतील तर १० मिलिमीटर रुंद तुकड्यात साधारण ५ मायक्रॉनचा एकेक ठोकळा मिळतो. त्याहून बारीक बघायचं तर तुकडा लहान करा. अख्खी पट्टी आणि धाग्यातली एकेक पेशी, दोन्ही एकाच चित्रात मागू नका.

आपल्या धाग्यांची आणखी एक गोची आहे. काचेतलं सिलिकॉन, कॅल्शियम एक्स-रे बऱ्यापैकी शोषतात, म्हणून ग्लास फायबर ठळक उठतं. वनस्पतीचा धागा आणि इपॉक्सी हे दोघंही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे. सेल्युलोजची घनता १.५, तर इपॉक्सीची १.२ च्या आसपास. दोघं राखाडी, धुक्यातले बगळे! यावर उपाय फेज कॉन्ट्रास्टचा. त्यात किरण किती शोषले गेले याबरोबरच ते किती वळले हेही धरतात, त्यामुळे कडा उठून दिसतात. त्यासाठी सिंक्रोट्रॉन उत्तम, आणि तो काही परदेशातच आहे असं नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ वर इमेजिंगची बीमलाइन आहे.

हवा मात्र साध्या मायक्रो-सीटीतही काळीकुट्ट दिसते, आणि आपल्याला पकडायची आहे ती हवाच. काचेचा धागा भरीव असतो. आपल्या धाग्याच्या पेशी मुळातच पोकळ. शिवाय धाग्याच्या जुडग्यात जिथे रेझिन पोचलंच नाही तिथे हवा, धागा आणि रेझिन यांच्यामधल्या फटीत हवा, आणि रेझिनमधले बुडबुडे वेगळेच.

आता सोड्याकडे या. सोडा दिलेला धागा आपण धुतो आणि ओव्हनमध्ये वाळवतो. न दिलेला थेट पोत्यातून काढून वापरतो! त्यात वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ओलावा असू शकतो. रेझिन घट्ट होताना तापतं, ओलावा वाफ होऊन सुटतो, बुडबुडे अडकतात. मग ताकद वाढली ती सोड्याने की ओव्हनने? सोड्याने जुडगे सुटून धागे बारीक होतात, हाही एक संशयित आहेच. चित्रात बुडबुडे, फटी आणि जुडग्यांची जाडी वेगवेगळी मोजता येते. रासायनिक पकड तिथेही दिसत नाही, दिसते ती फट. तेवढा फरक रिपोर्टात ठेवावा.

रंगीत थ्री-डी चित्र लावलं की परीक्षक खूश होतात, हे आहेच. पण कुठल्या राखाडी छटेखालचं सगळं 'हवा' धरायचं, ती सीमा आपणच ठरवतो. ती जरा सरकवली की पोकळीची टक्केवारी बदलते. फिजी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात दोन-तीन सीमा लावून बघा आणि सगळे आकडे छापा. एकच आकडा दिला तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळं कशासाठी? जळगावकडे घड उतरवल्यावर केळीचा खांब निरुपयोगी होतो. त्याच्या धाग्यातून गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल करू आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळवून देऊ, असं आपल्या प्रत्येक प्रस्तावनेत असतं. पण पॅनेल डिझाइन करणारा माणूस तुमची सरासरी घेऊन काय करणार? तो सगळ्यात कमजोर पट्टीकडे बघतो. ती कशामुळे कमजोर हे आपण सांगू शकलो नाही, तर तो निमूटपणे ग्लास फायबरकडे वळतो.

स्कॅनरची वेळ सगळ्यांना मिळणार नाही, मान्य. तरी दोन्ही धागे सारखेच वाळवायला काही लागत नाही. पट्टीचा छेद पॉलिश करून मेटलर्जी लॅबच्या मायक्रोस्कोपखाली धरता येतो. आणि वेळ मिळालीच, तर एकाच पट्टीचं स्कॅन तोडण्याआधी आणि तोडल्यावर, दोन्ही करा. तोवर प्रत्येक पट्टीशेजारचा एक तुकडा नंबर टाकून जपून ठेवा, पाचव्या पट्टीचा तर नक्कीच.