तापलेली वायर आणि बिलाचा रकाना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या वायरिंगवर लिहावे, हे काही प्राध्यापकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. पण हा विषय शेवटी पैशापाशीच येतो, म्हणून हे धाडस.

जुनी जीप किंवा २०१४ साली निर्मिती थांबलेली ॲम्बेसेडर, अशा गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद झाले की पंखाही मंद. त्यामुळे गणपत गल्लीच्या गर्दीत गाडी अडकली की पाणी उकळू लागते. यावर उपाय म्हणून लोक बाजारातून १२ व्होल्टचा विजेचा पंखा आणून बसवतात. उपाय चांगला आहे. बिघडते ते पुढेच. काही महिन्यांनी प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो, जोडाचे टोक तपकिरी पडते, फ्यूजचे घर वितळते. एक कारागीर म्हणतो, 'वायर तापलीया'. दुसरा म्हणतो, 'वायर बिसी आगेद्री'. निदान मात्र दोन्ही भाषांत ठरलेले : पंखा बदला, नाहीतर २० चा फ्यूज काढून ३० चा घाला.

मला यातले काहीच पटत नाही. फ्यूज हा पंख्याचा रखवालदार नव्हे, वायरीचा. वायरीला जेवढा करंट पेलतो त्यावरून त्याचा आकडा ठरतो. आकडा वाढवला म्हणजे उद्या फ्यूजच्या आधी वायर जळणार, आणि बॉनेटखाली पेट्रोलची नळी काही फार लांब नसते.

पण फ्यूज उडत नाही तरी जोड वितळतो, हे कसे? हिशेब करून पाहा. पंखा २० ॲम्पिअर घेतो आणि एक टर्मिनल सैल आहे, त्याचा रोध ०.०५ ओहम, असे धरा. एक व्होल्ट तिथेच गळाला आणि २० वॉट उष्णता नखाएवढ्या पत्र्यावर गोळा झाली. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते! करंट मात्र वाढलेला नाही. मग फ्यूज कशाला उडेल? तापाने टर्मिनलच्या पत्र्याची पकड ढिली होते, ढिलाईने रोध वाढतो, रोधाने ताप. शिवाय पंख्याला व्होल्ट कमी मिळतात, तो हळू फिरतो, इंजिन निवायला वेळ लागतो आणि पंखा अधिक काळ चालू राहतो. चक्रवाढ व्याज आम्हांला वर्गात शिकवतात, ते हेच.

चोर शोधणे अवघड नाही. पंखा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे पंख्याच्या धन वायरीला लावावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर वाटेत गळती आहे. मग फ्यूज, रिले, एकेक जोड ओलांडत जावे. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. अर्थिंगची बाजूही अशीच तपासावी, कारण रंगावरच कसलेला स्क्रू आणि बेळगावचा पावसाळा यांचे फार दिवस जमत नाही. एकच जागा न तापता सगळी वायर सारखी गरम लागली, तर वायरच बारीक समजावी. १ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या वायरीत २० ॲम्पिअरला १.४ व्होल्ट जातात. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३५. पंखाही कधी दोषी असतोच, नाही असे नाही. बेअरिंग धरले असेल तर त्याची वायर सोडवून पाते हाताने फिरवले की कळते.

एवढे सोपे असता गॅरेजात हे होत का नाही? कारागिरांना येत नाही, असे सुशिक्षित मंडळी पटकन म्हणतात. मी दुपारी उद्यमबागेतल्या एका गॅरेजची वही लिहितो. तिथल्या मिस्त्रीला हे सारे माझ्यापेक्षा चांगले येते. मला तर त्यानेच शिकवले. पण बिलबुकात रकाने दोनच, सामान आणि मजुरी. नवा पंखा बसवला की दोन्ही भरतात. वीस मिनिटे मीटर धरून एक टर्मिनल बदलले, तर सामानाच्या रकान्यात काही रुपये आणि मजुरीत गिऱ्हाइकाशी वाद. मग चांगला पंखा भंगारात जातो, नवा त्याच सैल जोडाला लागतो आणि गाडी पुन्हा दारात येते. गिऱ्हाईक गॅरेजवाल्याला लुच्चा म्हणते. गॅरेजवाल्याने कोणत्या रकान्यावर पोट भरावे, हे मात्र कोणी विचारत नाही. डॉक्टरला नाडी पाहण्याचे पैसे आपण देतोच ना?

मिस्त्रीच्या संमतीने मी जूनपासून बिलात 'तपासणी' असा तिसरा रकाना आखला आहे. पहिल्या दोघांनी कुरकुरत का होईना, पैसे दिले. तिसऱ्याने बिल उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, 'सामान काय घातलंस ते सांग. नुसतं बघायचे कसले पैसे?'