पुस्तकातले बूट आणि खरी महागाई

फॅन्टसी म्हणजे वास्तवापासून पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी टेरी प्रॅचेट वाचावेत.

कासवाच्या पाठीवर चार हत्ती, त्यांच्यावर थाळीसारखी सपाट दुनिया. कूर्म आणि दिग्गज आपल्या ओळखीचेच! या 'डिस्कवर्ल्ड'वर त्यांनी ४१ कादंबऱ्या लिहिल्या. पण हा माणूस घडला इंग्लंडमधल्या बीकन्सफील्ड गावच्या सार्वजनिक वाचनालयात. आणि १९६५मध्ये, सतराव्या वर्षी शाळा सोडून धरलेल्या 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक पेपरात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मृतदेह पाहिला, असं ते सांगायचे.

माणसं जवळून पाहिली की लिखाणात उतरतातच. १९९३च्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये पोलीस कॅप्टन व्हाइम्स हिशेब मांडतो. श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो, ते वर्षानुवर्षं टिकतात. गरिबाला दहाचेच परवडतात, ते लगेच फाटतात. दहा वर्षांत त्याचे शंभर जातात, वर पाय ओलेच!

२०२२मध्ये गरिबीवर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी विचारलं, स्वस्तातला किराणा किती महागला हे सरकारी आकड्यांत दिसतं का? त्यांनी वेगळा निर्देशांक मांडायचं ठरवलं. नाव दिलं 'व्हाइम्स बूट्स इंडेक्स'. प्रॅचेट यांच्या वारसांनीही होकार दिला.

त्याच ब्रिटनमध्ये २०१०नंतर खर्चकपातीत शेकडो वाचनालयं बंद पडली. मला विचाराल तर वाचनालय बंद करून वाचवलेला पैसा म्हणजे ते दहा डॉलरचे बूट. आज स्वस्त वाटतात, भुर्दंड पुढच्या पिढीला.