गळते कुठे, ते आधी पाहा



आमच्या विहाराच्या पुस्तक-विक्री गटाची मध्यंतरी बैठक झाली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आमचा स्टॉल लागतो, तेव्हा पुस्तके हातोहात जातात. वर्षभर वाचकांची सोय व्हावी म्हणून गटातल्या पोरांनी हौसेने वेबसाइट काढली. पण विक्री नाममात्र. बैठकीत एकाने सांगूनच टाकले, "आपल्या लोकांची वाचनाची आवडच मेली. वेबसाइट बंद करा." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

आमचे आयुष्य कारकुनीत चाललेले. आम्ही विचारले, "हे कोणत्या वहीवरून म्हणता?" वही नव्हतीच. ऐकीव गोष्ट ऐकीव आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपण वंदनेनंतर ऐकतो आणि बैठकीत विसरतो.

वही मात्र तयार होती, कोणी उघडली नव्हती. वेबसाइटला गुगल ॲनालिटिक्स जोडलेले होते. २०२३ च्या जुलैपासून त्याची जुनी पद्धत बंद झाली आणि नवीच उरली. नव्या पद्धतीत माणसाची प्रत्येक कृती ही एक नोंद असते. पुस्तक पाहिले, टोपलीत टाकले, पत्ता भरायला घेतला, पैसे भरले. या नोंदी एकाखाली एक मांडल्या की नरसाळ्याचा आकार होतो, वर रुंद आणि खाली अरुंद. त्यालाच विक्रीचे फनेल म्हणतात. तो तक्ता एका नजरेत दिसेल असा मांडला की झाला डॅशबोर्ड. साध्या स्प्रेडशीटवरही तो होतो.

समजण्यासाठी सोपे आकडे धरू. १००० जण आले. ४०० जणांनी पुस्तक उघडले. १२० जणांनी टोपलीत टाकले. ९० जणांनी पत्ता भरायला घेतला. १८ जणांनी पैसे भरले. पहिली नजर जाते ती सुरुवातीला गळालेल्या ६०० वर. पण ते वाटसरू. स्टॉलसमोरूनही माणसे पुढे जातातच. खरे दुखणे ९० आणि १८ यांच्या मधले. घ्यायचे ठरवून गल्ल्यापाशी आलेल्यांपैकी ७२ जण, म्हणजे शंभरातले ८०, रिकाम्या हाताने परतले! आमच्या वहीतही गळती नेमकी इथेच निघाली. आवड मेलेली माणसे गल्ल्यापर्यंत येत नाहीत.

डॅशबोर्ड कुठे गळते ते सांगतो, का गळते ते सांगत नाही. ते माणसालाच विचारावे लागते. म्हणून महिला मंडळाच्या एका ताईंच्या हाती मोबाइल दिला आणि म्हटले, "ताई, एक पुस्तक मागवा बघू." त्या अर्ज भरता भरता थांबल्या. "भाऊ, हा ईमेल मागतोय. मी कुठून आणू? आणि पुस्तकाच्या निम्मा टपालखर्च आत्ता शेवटी सांगतोय होय?" पोरांच्या माना खाली गेल्या. दोष वाचकांचा नव्हता, आमच्या दाराचा होता. उंबरठा आम्हीच उंच केला होता.

आता ईमेलची सक्ती काढली आहे आणि टपालखर्च किमतीशेजारीच लिहिला आहे. गल्ल्यावरून परतणारे कमी झाले.

ज्यांना असा तक्ता करायचा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. माणसे मोजा, नुसत्या नोंदी नव्हे, कारण एकच माणूस पान दहादा उघडतो. मोबाइल आणि संगणक यांचे रकाने वेगळे ठेवा. शेवटचा आकडा बँकेच्या हिशेबाशी ताडून पाहा, कारण काही मोबाइलांवर ही नोंदणी अडवलेली असते. डिसेंबरची तुलना जूनशी करू नका, मागच्या डिसेंबरशी करा. त्यासाठी तपशिलाची मुदत सुरुवातीलाच १४ महिने करून ठेवा, नाहीतर तो २ महिन्यांत पुसला जातो.

आणखी एक. वाचकांची नावे, फोन, पत्ते या मोजणीत घालू नका. कोण कोणते पुस्तक वाचतो यावरून माणसाची जात आणि विचार ओळखणारे कमी नाहीत. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण आपल्या माणसांची राखण ही आधी आपलीच जबाबदारी.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो आकडे तपासून. समाजाला नावे ठेवणे सोपे असते. हिशेब मांडायला बसावे लागते. तुमच्याही संस्थेत 'लोकच येत नाहीत' असे कोणी म्हणाले, तर आधी वही उघडा. लोक कदाचित दारापर्यंत येऊन गेले असतील.