डोंगल कोणाच्या खिशात?

"ताई, हे जुनं झालंय. नव्या विंडोजवर चालत नाही. माझ्याच कॉम्प्युटरला चालतं, माझ्याकडंच राहू द्या."

अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव असलेल्या सरपंचपदावर निवडून आलेल्या आमच्या एका ताईंना ऑपरेटरने दिलेले हे उत्तर. दीड वर्ष त्यांची डिजिटल सही त्याच्या टेबलाच्या खणात पडून होती. पिनही त्यालाच ठाऊक. ताईंना फक्त 'पेमेंट झालं' एवढे कळायचे. कशाचे, किती, कोणाला, हे विचारायची सोय नव्हती.

मित्रांनो, यात तांत्रिक अडचण किती आणि जुनी सरंजामी खोड किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. ते वेगळे करायचे तर आधी यंत्र समजून घ्यावे लागेल.

डोंगल म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे. स्मार्ट कार्डातली चिप आणि तिचा कार्ड रीडर एकाच डबीत बसवलेला असतो. सहीची खाजगी किल्ली चिपच्या आतच राहते, सहीसुद्धा चिपच करते. त्यामुळे फाईल कॉपी करावी तशी ती कॉपी होत नाही. ज्याच्या हातात डबी आणि डोक्यात पिन, तोच कॉम्प्युटरच्या लेखी सरपंच! वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून देताना ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. दुसरी सही राखणदारीसाठी आहे. ती खणात पडली की राखणदारी संपली.

आता 'चालत नाही'चे बघू. विंडोज 11 फक्त 64 बिटचे येते आणि त्यात 32 बिटचा जुना ड्रायव्हर चढतच नाही. इथवर ऑपरेटर खरे बोलत होता. डोंगल लावल्यावर सीडीसारखे चिन्ह दिसते, त्यातले सॉफ्टवेअर डोंगल बनले त्या काळातले. ते टाकले की अडते, आणि माणूस म्हणतो डोंगलच गेले. पण बहुतेक यूएसबी रीडर आणि डोंगल 'सीसीआयडी' नावाचे एक समान मानक पाळतात. त्या मानकाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो.

आम्ही विहारातल्या अभ्यासिकेत ताईंचे डोंगल नव्या लॅपटॉपला लावले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला. 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये जाऊन, कॉम्प्युटरवरच्या यादीतून स्वतः निवडतो असे सांगून, 'स्मार्ट कार्ड रीडर्स'खालचा मायक्रोसॉफ्टचा यूएसबी-सीसीआयडी ड्रायव्हर निवडला. त्रिकोण गेला. मग डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे आजचे सॉफ्टवेअर उतरवले, कारण रीडर दिसला तरी आतले प्रमाणपत्र वाचायला ते लागतेच. चहा गार व्हायच्या आत ताईंचे नाव पडद्यावर आले. लिनक्सवाल्यांनी पीसीएससी-लाइट आणि सीसीआयडीची पॅकेजेस टाकावीत. तिथे जुने रीडर बऱ्याचदा विनातक्रार उठून बसतात.

दोन-तीन गोष्टींत मात्र घाई नको. 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट'चे बटण दाबू नका, आतली किल्ली कायमची पुसली जाते. पिन अंदाजाने टाकत बसू नका, काही चुकांनंतर डोंगल कुलूपबंद होते. आणि व्हिडिओत सांगतात म्हणून ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करू नका. गावाचा पैसा ज्या यंत्रातून जातो, त्याचा दरवाजा उघडा टाकून कसे चालेल? प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर कोणताच ड्रायव्हर कामाचा नाही, ते नवेच काढावे लागते. सगळी जुनी डोंगल जिवंत होतात असाही माझा दावा नाही.

यावर आपलेच काही शहाणे म्हणतील, ताईंना कॉम्प्युटर येत नाही, ऑपरेटरने मदत केली तर बिघडले काय? मदतीला ना नाही. बिले त्यानेच टाईप करावीत, सहीच्या वेळी डोंगल ताईंनी लावावे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चे कलम 42 खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची जबाबदारी सहीधारकावर टाकते. उद्या अपहार निघाला तर चौकशीत नाव ताईंचेच येणार. मग वर्तमानपत्रात मथळा येईल आणि पारावर म्हणतील, राखीव जागेवर बसवलं की असंच होतं.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला आणि गाव नव्हे, व्यक्ती हा घटक मानला. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने, कलम 243-ड नुसार, पंचायतीत आरक्षण आले. 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. खुर्ची अडवता येत नाही, म्हणून आता खुर्चीची किल्ली अडवली जाते, तीही 'ड्रायव्हर मिळत नाही' अशा साळसूद भाषेत. आपल्यातली इतकी पोरे आयटीत आहेत. जयंतीच्या डीजेचा ॲम्प्लिफायर रात्रीतून दुरुस्त करणारी पोरे आहेत. त्यांनी आपल्या तालुक्यातल्या राखीव जागांवरच्या सरपंचांना एकच प्रश्न विचारावा: तुमचे डोंगल आत्ता कुठे आहे?

ताईंनी त्याच दुपारी पिन बदलला. संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला, पिन घेत नाही म्हणून. ताई म्हणाल्या, "उद्या बिलं घेऊन या. आधी वाचते."