मास्तर, शाळा बदलणार काय?

2025 च्या मार्चमधली गोष्ट. दहावीच्या पेपरचे पर्यवेक्षण संपवून वर्गाबाहेर पडलो तोच पुण्याजवळच्या एका निवासी शाळेतून फोन आला. कृत्रिम टर्फचे मैदान, प्रकाशझोत, वयोगटांनुसार तीन संघ, फुटबॉलसाठी स्वतंत्र प्रशिक्षकाची जागा आणि पगार माझ्या आताच्या पगाराच्या जवळजवळ दीडपट. "सर, एकदा येऊन बघून तर जा," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. मी जाऊन आलो. मग दोन महिने पेठेत एकच प्रश्न कानावर पडत होता, "मास्तर, शाळा बदलणार काय?"

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. वीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना फुटबॉल शिकवतो. पण माझ्या सेवापुस्तकात 'फुटबॉल' हा शब्द एकदाही आलेला नाही. पद पटसंख्येवर ठरते. संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला काय किंवा पहिल्याच सामन्यात घरी आला काय, वेतनवाढ जुलैमध्ये तेवढीच होते. गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास मला, आणि परीक्षा जवळ आली की माझा तास त्यांना! याबद्दल आता राग येत नाही. पण प्रशिक्षक म्हणून पुढे जायचे तर जायचे कुठल्या जिन्याने, हा प्रश्न उरतोच. कारण शाळेत हा जिना बांधलेलाच नाही.

बाहेर तो आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे परवाने आहेत. डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. प्रत्येक पायरीला अभ्यासक्रम, मूल्यमापन आणि मधल्या काळात प्रत्यक्ष संघ हाताळल्याचा अनुभव लागतो. एकेकाळी चांगला खेळलेला माणूस शिट्टी गळ्यात अडकवून प्रशिक्षक होत असे. ते दिवस गेले, हे चांगलेच झाले. मी सी परवाना घेतला तो विनावेतन रजा टाकून. शाळेच्या कामासाठी शिकायला निघालेल्या माणसाला कर्तव्यरजा का नाही, असे विचारल्यावर कार्यालयातून उत्तर आले, "तसा जी.आर. दाखवा." जी.आर. माझ्याकडे नव्हता.

अशा वेळी पुण्याची शाळा म्हणते, बी परवान्याचे शुल्क आम्ही भरू, रजाही देऊ. माणूस विरघळणार नाही तर काय?

हितचिंतक म्हणाले, "पेन्शनचे काय?" राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नाही. माझी नेमणूक 2004 ची. वीस वर्षांची सेवा झाली की स्वेच्छानिवृत्ती मागता येते आणि पेन्शन राहते. ती वीस वर्षे भरली आहेत. म्हणजे 'पोटासाठी थांबलो' असे म्हणण्याची सोय माझ्या हातून गेली. जायचे किंवा राहायचे ते आता फुटबॉलच्याच हिशेबावर.

दुसरे दडपण निष्ठेचे. आमच्या गावात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे घेताना इथला माणूस आवाज चढवतोच. शाहू स्टेडियमवर हंगामातला मोठा सामना असला की दुकानात गिऱ्हाईक थांबून राहते आणि मालक गायब! अशा गावात संघ बदलणे म्हणजे घर बदलण्यासारखे. एका ज्येष्ठांनी मला सरळ विचारले, "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

मला हे पटत नाही. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या जाण्याला कोणी फितुरी म्हटले नाही. उलट त्याच्या नावाचे फलक लागले. खेळाडू बाहेर पडला तर गावाची मान ताठ आणि मास्तर निघाला तर गद्दार, हा न्याय कुठला? प्रशिक्षकालाही वाढावेसे वाटते, एवढे तरी मान्य करा. फुकट राबणाऱ्या मास्तराला हार घालणे आपल्याला फार स्वस्तात पडते.

या दिवसांत सय्यद अब्दुल रहीम सारखे आठवत होते. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांतली सुवर्णपदके आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक या माणसाच्या मार्गदर्शनाखाली आले. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर; हैदराबादेतल्या एकाहून अधिक शाळांत त्यांनी शिकवले. पण त्यांच्यातला प्रशिक्षक मोठा झाला तो शहराच्या पोलिस संघात आणि तिथल्या फुटबॉल संघटनेत. शाळा बदलून नव्हे, शाळेबाहेर संघ मिळाल्यामुळे. आमच्याकडे तालमी आहेत, तिथे संध्याकाळी काम करता येते, हे खरे. मात्र तालमीला या हंगामातला करंडक हवा असतो, त्यासाठी परदेशी खेळाडूही आणले जातात. बारा वर्षांच्या पोराचा डावा पाय तयार करायला तिथे कोणाला सवड असणार?

आणि माझी आवड नेमकी ती आहे. अकरा ते चौदा या वयात चेंडू पायाशी ओळख करून घेतो. चेंडू येण्याआधी मान वळवून बघायचे, पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या जागेत न्यायचा, दोन्ही पाय सारखे चालवायचे. हे सारे या वयात रोजच्या सवयीने अंगात मुरते. सतराव्या वर्षी ते शिकवू गेले तर मुलगा डोक्याने ऐकतो, पाय ऐकत नाही. टर्फवर चेंडू सरळ येतो. आमच्या मुरमाड मैदानावर तो खड्ड्यात पडून कुठे उसळेल याचा नेम नाही. मुले म्हणून चेंडूची वाट बघायला शिकतात आणि ही खोड पुढे चांगल्या मैदानावर जाता जात नाही. तेव्हा मैदानाने काय फरक पडतो, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. फरक पडतो, बराच पडतो.

पुण्याच्या त्या टर्फवर उभा राहून मी एकच प्रश्न विचारला, "मुले आठवड्यातून किती वेळ मिळतील?" उत्तर आले, दोन दिवस, पाऊण पाऊण तास. उरलेल्या दिवशी पोहणे, टेनिस, रोबोटिक्स. त्यात चूक काही नाही. पालकांनी त्यासाठीच पैसे मोजलेत. मुले गोड होती, शिस्तीची होती. एकाने मला विचारले, "सर, आज फुटबॉल झाल्यावर कोडिंग आहे ना?"

परतीच्या एसटीत मी हिशेब मांडला. माझ्याकडे सहा संध्याकाळी, दीड-दीड तास, म्हणजे आठवड्याला नऊ तास. तिथे दीड. प्रशिक्षक परवान्याने मोठा होतो हे खरे असेल, पण तो परवाना खरा होतो तो एकच पोरगा शेकडो दिवस डोळ्यांसमोर चुकताना बघून. तिथे मी बी परवाना मिळवला असता आणि तो वापरायचा कुठे, हे शोधत बसलो असतो. त्या शाळेऐवजी चार दिवस सराव घेणारी एखादी शाळा असती, तर मी गेलो असतो, हेही सांगून टाकतो. मी नाही म्हणालो यात त्याग वगैरे काही नाही.

मुलांना सांगितले तेव्हा माझा गोलरक्षक हिरमुसला. आठवीतला पोरगा, वडील शिरोलीच्या फौंड्रीत. म्हणाला, "सर, जायचं हुतं की. आमास्नी टर्फवर खेळायला बोलावलं असतासा." बायकोने हे ऐकून दोन दिवस माझी चेष्टा केली, "बघा, तुमच्यावाचून अडलेलं कोण ते!"

आता मी संस्थेला पत्र दिले आहे. मागणी दोनच गोष्टींची. परवाना अभ्यासक्रमासाठी कर्तव्यरजा, आणि मैदान संध्याकाळी साडेचार ते सहा लग्नकार्य, प्रदर्शन यांना भाड्याने न देण्याचे लेखी आश्वासन. यात सरकारला तिजोरी उघडावी लागत नाही. एक जी.आर. निघाला तर राज्यातल्या माझ्यासारख्या कित्येकांना शाळा न बदलता पुढची पायरी चढता येईल; नाहीतर अनुदानित शाळांनी माणसे घडवायची आणि शुल्कवाल्या शाळांनी ती उचलायची, हे चालूच राहील. पुढच्या वेळी फोन आला तर मी नाही म्हणेनच, अशी खात्री मला देता येत नाही.

पत्राला अजून उत्तर आलेले नाही. बी परवान्यासाठी यंदा माझेच पैसे भरणार आहे. बायकोने भिशीचे दिलेत. पावसाने मैदानाचे तळे झाल्यामुळे तूर्त सराव शाळेच्या व्हरांड्यात चालू आहे. भिंतीवर चेंडू मारायचा, परतताना डाव्या पायाने घ्यायचा. खाली ऑफिसात आवाज जातो म्हणून काल शिपाई दोनदा वर येऊन गेला.