पगार आणि पत

केंद्र सरकारने 2025 साली न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला आणि त्यास अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून जिल्ह्यातील सरकारी कचेऱ्यांत एकाच विषयाचा खल चालू आहे : सध्याच्या मूळ वेतनास कितीने गुणावयाचे? आयोग केंद्राचा असला तरी केंद्रामागून राज्य ही परंपरा ठरून गेलेली आहे. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्राने 1 जानेवारी 2016 पासून नवे वेतन लागू केले. महाराष्ट्रात ते 1 जानेवारी 2019 पासून हाती पडू लागले आणि मागील तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत विभागली गेली. तेव्हा आपल्या पदरात काय पडणार व केव्हा पडणार, याची काळजी राज्याच्या सेवकांस वाटावी हे स्वाभाविक आहे. त्यांना होणाऱ्या वाढीबद्दल आम्हांस असूया नाही. तथापि सरकारी नोकरीची सारी किंमत या एका गुणाकारात मोजण्याची जी सवय सरकार, सेवकसंघटना आणि जनता या तिघांनाही जडली आहे, ती कोणाच्याच हिताची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वेतनाचाच विचार करू. लिपिक-टंकलेखकाचे आरंभीचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 19,900 रुपये आणि तलाठ्याचे 25,500 रुपये ठरले. त्यावर महागाई भत्ता मिळतो हे खरे. पण शहरात घरभाडे भरून दोन मुले शिकविणाऱ्यास हे आकडे चैनीचे म्हणता येणार नाहीत. उलटपक्षी, औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे राबणाऱ्या कामगारास आणि कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यास हेच आकडे ऐश्वर्यासारखे भासतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. 2023 साली तलाठ्यांच्या 4,644 जागांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेंपेक्षा जास्त उमेदवार उभे राहिले. आपल्या शहरातील अभ्यासिकांत पहाटेपासून बसलेली पाथर्डी-जामखेडची मुले याच गर्दीतील आहेत. त्यांना काय हवे आहे? श्रीमंती नव्हे. पावसावर, बाजारभावावर किंवा मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले एक स्थिर आयुष्य त्यांना हवे आहे.

परंतु ही स्थिरताच आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 1 नोव्हेंबर 2005 या तारखेने सरकारी सेवेचे दोन भाग केले. त्याआधी रुजू झालेल्यास निवृत्तिवेतनाची हमी आणि त्यानंतरच्यास बाजाराशी बांधलेली निधीची योजना, असा भेद शेजारशेजारच्या मेजांवर बसून एकच काम करणाऱ्यांत उत्पन्न झाला. 14 मार्च 2023 रोजी सुरू होऊन 20 मार्चला मिटलेला राज्यव्यापी संप या भेदातून निघाला. 1977 च्या डिसेंबरात सुरू झालेला चोपन्न दिवसांचा संप ज्यांना आठवतो, त्यांना हा संप अल्पजीवी वाटला असेल. परंतु 2024 मध्ये अखेरच्या वेतनाशी जोडलेल्या निवृत्तिवेतनाचा पर्याय राज्याने मान्य केला, त्यामागे याच संपाचा रेटा होता. त्याच 2023 च्या सप्टेंबरात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला आणि लोकक्षोभ उसळताच ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. निर्णय रद्द झाला. पण तो ज्या विचारातून जन्मला तो विचारही रद्द झाला, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

आता नोकरी मिळालेल्याकडे वळू. दोनशेंतून एक निवडला गेलेला हा तरुण पुढे कोठवर जातो? महसूल खात्यात कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार अशी चढती पायरी कागदावर आहे. प्रत्यक्षात ज्येष्ठतेच्या याद्या वेळेवर निघत नाहीत, निघाल्या तर वादात अडकतात, आणि माणूस एकाच पायरीवर पिकून जातो. यावर तोडगा म्हणून दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरचे वेतन देणारी आश्वासित प्रगती योजना आली. तिचे उपकार आम्ही नाकबूल करीत नाही. संसाराला तिचा हातभार लागतो. पण वेतन वरचे आणि काम तेच, ही प्रगती नव्हे, प्रगती न झाल्याची भरपाई आहे. अधिकार वाढत नाही, नवे शिकावयास मिळत नाही, आणि चांगले काम करणाऱ्यास न करणाऱ्याहून निराळे काही लाभत नाही. ज्या सेवेत उत्साहाला फळ नाही, तेथे उत्साह किती दिवस टिकावा?

राहणीची कथा याहून निराळी नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा : 17,048 चौरस किलोमीटर आणि चौदा तालुके. अकोल्याच्या डोंगरातील घाटघर जिल्ह्याच्या ठाण्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. अशा जिल्ह्यात तलाठ्याकडे स्वतःच्या सजेखेरीज शेजारच्या सजेचा अतिरिक्त कार्यभार असणे ही नित्याची गोष्ट आहे. 2025 च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या अवर्षणाची सवय असलेल्या भागांत अतिवृष्टीने हाहाकार उडविला, तेव्हा चिखल तुडवीत शेतोशेत पंचनामे करावयास तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक हेच गेले. रात्रीच्या वेळी नदीपात्रात वाळूची वाहने अडविण्याचे कामही याच वर्गाकडे येते आणि त्यात होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या वाचकांस नव्या नाहीत. 2024 मध्ये तलाठ्यास ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे भारदस्त नाव मिळाले. नाव बदलले, बसावयाची खोली मात्र पुष्कळ ठिकाणी आहे तशीच राहिली.

मुख्यालयी राहण्याच्या नियमाचेच उदाहरण घ्या. नेमणुकीच्या गावी राहावे, हा नियम योग्यच आहे. पण त्या गावी सरकारी निवासस्थान नसते, भाड्याची बरी खोली मिळत नाही, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईबापांचा दवाखाना तालुक्याच्या गावी असतो. मग सेवक तालुक्याला राहतो आणि मुख्यालयी राहत असल्याचा दाखला मात्र कागदोपत्री तयार होतो. हे वरिष्ठांस ठाऊक असते, गावासही ठाऊक असते. ज्या सेवकाचे काम इतरांस खरे दाखले देण्याचे, त्याच्या नोकरीचा आरंभच एका खोट्या दाखल्याने व्हावा, याहून मोठी नामुष्की कोणती? या नामुष्कीवर कोणत्याही आयोगाचा गुणक उपाय करू शकणार नाही.

उपाय काय, याचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. 1980 च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना हे आपल्या जिल्ह्याचे कलेक्टर होते. त्यांनी कचेरीची जी पुनर्रचना केली ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर गाजली. कपाटांच्या व दप्तरांच्या आडोशाला बसलेली माणसे उजेडात आणावयाची. कोणाकडे कोणते काम हे आधी ठरवून सर्वांस कळवावयाचे. जुन्या दप्तराची प्रतवारी लावून टाकाऊ ते काढून टाकावयाचे आणि ठेवावयाचे ते मागितल्याक्षणी सापडेल असे लावावयाचे. आलेल्या माणसास दहा मेजांपुढे न फिरविता एकाच खिडकीशी त्याचे उत्तर द्यावयाचे. यात अद्भुत असे काहीच नव्हते. पण त्यामुळे धुळीत व गोंधळात कुढत बसणाऱ्या कारकुनास आपले काम नीट दिसू लागले आणि ते केल्याचे समाधान मिळू लागले. लक्षात घ्यावयाचे ते हे की, या सुधारणेपायी कोणाच्याही वेतनात एक रुपयाची भर पडली नव्हती. वाढली ती पत : सेवकाची स्वतःच्या दृष्टीने आणि जनतेच्याही दृष्टीने.

मात्र एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिलेली रचना तो अधिकारी बदलून गेल्यावर ढासळू लागते. तिला कायद्याचा आधार हवा. तसा आधार देण्याचा प्रयत्नही याच जिल्ह्याच्या मातीतून झाला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ज्या मागण्यांसाठी आंदोलने केली, त्यांत माहितीच्या अधिकाराबरोबर बदल्यांचे नियमन आणि दप्तरदिरंगाईस आळा यांचाही समावेश होता. 2005 सालचा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा 1 जुलै 2006 पासून अमलात आला. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाल, ही त्याची एक बाजू. कोणतीही नस्ती एका सेवकाकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये, ही दुसरी. या दोन गोष्टी एकाच कायद्यात आहेत, ही केवळ लेखनाची सोय नव्हे, तो सौदा आहे. सरकारने सेवकास स्थैर्य द्यावे आणि सेवकाने जनतेस वेळ पाळून काम द्यावे. आज स्थिती अशी की, बदल्यांच्या अपवादाची वाट राज्यकर्त्यांस सापडली आहे आणि सात दिवसांचा विसर सेवकांस पडला आहे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण सात दिवसांच्या कायद्यानेही खोटी ठरू नये, यात दोघांचाही दोष आहे.

म्हणूनच सेवकसंघटनांस दोन कटू शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. निवृत्तिवेतनासाठी ज्या एकजुटीने रस्त्यावर उतरता, तिचा दहावा हिस्सा तरी लाच मागणाऱ्या सहकाऱ्याविरुद्ध कधी दिसला आहे काय? वेतन अपुरे म्हणून लाच, हे समर्थन आता कोणी ऐकून घेणार नाही. प्रत्येक आयोगाने वेतन वाढविले, पण फेरफार नोंदीसाठी घालावे लागणारे हेलपाटे थांबल्याचा अनुभव सामान्य खातेदारास आलेला नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण त्या पाच दिवसांत मेजावर माणूस भेटावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय? प्रामाणिक सेवकाची पत सरकारपेक्षाही अप्रामाणिक सहकारी अधिक घालवितो, हे संघटनांनी ओळखले पाहिजे.

सरकारकडे आमचे मागणे मोजके आहे. वेतन आयोगाच्या शिफारशी येतील तेव्हा येतील. त्यांची वाट न पाहता करण्याजोगे पुष्कळ आहे. रिकामी पदे नियमित भरतीने भरावीत आणि परीक्षेच्या तारखा पाळाव्यात. ज्येष्ठतेच्या याद्या दरवर्षी ठरल्या दिवशी प्रसिद्ध कराव्यात. जेथे मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे तेथे राहण्यायोग्य घर बांधून द्यावे. ते देता येत नसेल तर खोट्या दाखल्याचा देखावा तरी बंद करावा. रात्री नदीपात्रात पाठवावयाच्या सेवकाबरोबर पोलीस द्यावेत. आणि 2005 च्या कायद्याचे दोन्ही भाग सारख्याच कडकपणे पाळले जावेत. यांपैकी बहुतेक गोष्टींस तिजोरीपेक्षा निश्चयाची गरज अधिक आहे.

6 मे 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने आपल्या जिल्ह्यातील चोंडी येथे बैठक घेतली. 2024 मध्ये जिल्ह्यास अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले, ते त्यांचे जन्मगाव. खासगीचा पैसा निराळा आणि दौलतीचा निराळा हा भेद त्या राज्यकर्तीने कटाक्षाने पाळला, याचा गौरव आपण भाषणांतून करतो. ते नाव आता प्रत्येक सरकारी कचेरीच्या पाटीवर आहे. त्या पाटीखालून आत जाणाऱ्या खातेदारास आपले काम वेळेवर व विनामूल्य होईल असा भरवसा वाटावा, आणि त्याच पाटीखाली बसणाऱ्या कारकुनास आपण येथे आलो याचा पश्चात्ताप होऊ नये, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. पगार आयोग ठरवील. पत मात्र सरकारने आणि सेवकांनी मिळून कमवावी लागेल.